कुंभकोणमच्या खोलीतलं लोको शेड



पीस पोस्टिंगमध्ये फौजीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे संध्याकाळ. फील्डमध्ये संध्याकाळ कधी होते तेच कळत नाही. इथे कुंभकोणमला मी एनसीसीच्या बटालियनवर पीआय स्टाफ म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात घड्याळ मोठं वाटायला लागलं. सकाळी कॉलेजच्या मैदानावर कॅडेटांची ड्रिल, दुपारी स्टोअर आणि कागदपत्रं, पाचनंतर सुट्टी. मुलांच्या शाळेमुळे फॅमिली साताऱ्यातच. तमिळ येत नाही, टीव्हीवर सगळं तमिळच. तंजावरच्या भोसल्यांमुळे या भागात आजही मराठी बोलणारी घरं आहेत, पण रोज रोज कुणाच्या ओट्यावर जाऊन बसणार?

म्हणून मी खोलीत लोको शेड उघडलं. दोन बाय तीन फुटांचं टेबल, एक टेबल लॅम्प, पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक कानशींचा संच, मल्टिमीटर आणि ताटलीएवढ्या ट्रेमध्ये स्क्रू. या शेडमध्ये येणारी इंजिनं तळहातावर मावतात.

हा नाद मला खडकीत लागला. मी ईएमईचा माणूस. खडकीच्या बेस वर्कशॉपमध्ये असताना एका रविवारी माझा बडी मला पुण्यात जोशींच्या मिनिएचर रेल्वेच्या संग्रहालयात घेऊन गेला. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेलं, स्वतः बनवलेलं ते छोटं शहर 1998 पासून लोकांना बघायला खुलं आहे. लहान मुलं गाड्या बघत होती आणि आम्ही दोघं ईएमईवाले टेबलाखाली वाकून वायरिंग कुठून गेलंय ते शोधत होतो. पुढच्या रविवारी बडी जुन्या बाजारात गेला आणि भंगाराच्या ढिगातून एक इंजिन घेऊन आला. ट्राय-अँग कंपनीचं, सहा चाकांचं छोटं टँक इंजिन. इंग्लंडमध्ये या जातीला ‘जिंटी’ म्हणतात. चिमणी तुटलेली, एक बफर गायब, मोटर जाम. त्याने महिनाभर रात्री बसून ते चालू केलं होतं.

तो बडी आता नाही. गोळी नाही, बॉम्ब नाही. आजारपण आलं आणि चार महिन्यांत घेऊन गेलं. गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, ह्यांचं ते इंजिन पाठवू का? पोरगा सहावीत गेलाय. रोज विचारतो, बाबांचं इंजिन परत चालेल का. आणि त्याला पुढे लाईटपण पाहिजे.” आठ दिवसांनी स्पीड पोस्टाने बुटाच्या खोक्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली जिंटी कुंभकोणमला पोचली.

आता ज्यांनी असलं काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या इंजिनात ट्राय-अँगची एक्स-झिरो-फोर नावाची मोटर असते. उघडी मोटर, आर्मेचर, कार्बन ब्रश, चुंबक सगळं डोळ्यांना दिसतं. रुळांमधून जास्तीत जास्त बारा व्होल्ट डीसी येतो. एका बाजूची चाकं आणि चेसिस मिळून एक वायर, दुसऱ्या बाजूच्या चाकांवर टेकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या ही दुसरी. दोन्ही ब्रश एकाच स्प्रिंगच्या दोन टोकांनी दाबलेले असतात आणि त्यातल्या एका टोकावर इवलीशी इन्सुलेशनची नळी असते. ती नळी पडली की शॉर्ट. अशी कितीतरी ‘मेलेली’ इंजिनं निव्वळ त्या नळीपायी भंगारात जातात.

मी उघडलं तेव्हा नळी जागेवर होती. बडीने वायरचं प्लास्टिक सोलून ती बनवली होती. पण ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं धुतलं, कम्युटेटर खोडरबराने घासला, त्याच्या तीन फटींमधली काजळी टूथपिकने काढली, बेअरिंगजवळच्या फेल्टच्या तुकड्याला एक थेंब तेल दिलं. मोटर फिरली. पण दमलेली. मल्टिमीटरवर बघितलं तर जवळजवळ एक अँपिअर खेचत होती आणि हाताला चटका बसत होता. याचा अर्थ चुंबक उतरलाय. जुने चुंबक वयाने कमजोर होतात आणि मोटरमधून सुटे केले की आणखी उतरतात.

इथे खरा प्रश्न सुरू झाला. उपाय बाजारात तयार आहेत. जुनी मोटर काढून नवी छोटी कॅन मोटर बसवता येते. जुनी जाड कडांची चाकं काढून बारीक कडांची टाकता येतात. डीसीसीचा डीकोडर बसवला तर रुळांत कायम वीज राहते, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि मोबाईलवरून शिट्टीसुद्धा वाजते. रंग खरवडून, हँडरेलच्या जागी पितळी तार लावून, काजळीची पावडर मारून ते अगदी खऱ्यासारखं दिसू शकतं. सगळं केलं असतं तर इंजिन झकास झालं असतं, पण बडीचं त्यात काय राहिलं असतं?

कारण त्याचा हात सगळीकडे होता. तुटलेल्या चिमणीच्या जागी त्याने सायकलच्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह आटे घासून बसवला होता. रंग म्हणजे आपला गाड्यांचा ऑलिव्ह ग्रीन, ब्रशचे फराटे दिसणारा. उजव्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर घातलेला: 214. डावी बाजू कोरी. हा नंबर कुठल्याच रेल्वेचा नाही. भरतीच्या मैदानावर त्याच्या छातीवर खडूने लिहिलेला तो चेस्ट नंबर होता. सोळाशे मीटर धावून आल्यावर घामाने अर्धा पुसला गेला होता, म्हणून बाहेर काढतात की काय अशी भीती वाटली, ही गोष्ट त्याने मला शंभरदा ऐकवली होती. हे वहिनींना माहीत नव्हतं. पोराला तर नाहीच.

माझ्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ राहतात. पोन्मलैच्या, म्हणजे तिरुच्चिच्या गोल्डन रॉक रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. मी त्यांना ‘अय्या’ म्हणतो, ते मला ‘हवालदार सार’. आमची भाषा म्हणजे वर्कशॉपचं हिंदी, थोडं इंग्रजी आणि बाकी हातवारे. गोल्डन रॉक हे साऊथ इंडियन रेल्वेचं वर्कशॉप. 1920 च्या दशकात नागपट्टिणमहून तिकडे हललं. निलगिरीच्या दातेरी रुळांवर चालणारी मूळ स्विस बनावटीची वाफेची इंजिनं आहेत ना, त्याच जातीची नवी इंजिनं याच वर्कशॉपने या शतकात बांधली. अय्यांनी उमेदीची वर्षं मीटरगेजच्या वायपी इंजिनांवर काढली. कुंभकोणमवरून जाणारी मेन लाईन तेव्हा मीटरगेजच होती. या शतकाच्या पहिल्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. आमच्या साताऱ्याकडची पुणे-मिरज लाईनही पूर्वी मीटरगेज होती, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी कॉफीचा डबरा माझ्याकडे सरकवला.

जिंटी हातात घेऊन त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर स्टीलची पट्टी मागितली. चाकांमधलं अंतर मोजलं, बॉडीची रुंदी मोजली आणि मान हलवली. गेज चुकलाय म्हणाले. चष्म्याशिवाय बरोबर पकडलं! इंग्रजांची इंजिनं आकाराने छोटी, 1:87 च्या मापात त्या काळच्या मोटरी आत मावेनात. म्हणून त्यांनी बॉडी 1:76 ची केली आणि रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचाच ठेवला. त्या हिशोबाने खरा रूळ 1254 मिलिमीटर निघतो. ना मीटरगेज, ना त्यांचा 1435 चा स्टँडर्ड. अय्या हसून म्हणाले, “मग हे आपलंच. थोडं मीटरगेजकडे झुकलंय.”

मी त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी वर्कशॉपची रीत सांगितली. इंजिन ओव्हरहॉलला आलं की बॉयलर उतरायचा. त्याची दुरुस्ती होईपर्यंत इंजिन अडवून ठेवायला वेळ कुणाला? आधी दुरुस्त होऊन पडलेला दुसऱ्या इंजिनाचा बॉयलर चढवायचा. चाकं बदलायची, नळ्या बदलायच्या. नंबर राहायचा फ्रेमचा.

“मग इंजिन तेच राहतं का, अय्या?”

“ड्रायव्हर म्हणायचा, तेच आहे. फिटर म्हणायचा, कागदावर तेच आहे.”

त्या रात्री मी वहीत दोन रकाने पाडले. झिजणाऱ्या वस्तू एका बाजूला, हाताने केलेल्या वस्तू दुसऱ्या बाजूला. ब्रश, चुंबक, ग्रीस, वायर हे झिजतं. ते झिजण्यासाठीच असतं, ते बदलायला कुणाची परवानगी नको. व्हॉल्व्हची चिमणी, हिरवा रंग, 214 आणि ती सोललेल्या वायरची नळी हे दुसऱ्या रकान्यात. आणि एक नियम: नवं जे बसवायचं ते उद्या कुणालाही काढून जुनं परत लावता आलं पाहिजे.

मग काम सोपं झालं. जुन्या चुंबकाच्या जागी निओडिमियमचे छोटे चुंबक बसवले, उरलेल्या फटीत लोखंडी पट्टीचा तुकडा. यात उत्तर-दक्षिण उलटी झाली तर इंजिन ‘पुढे’ म्हटल्यावर मागे धावतं, म्हणून आधी होकायंत्राने जुन्या चुंबकाच्या बाजू बघून घेतल्या. विजेची ओढ जवळजवळ निम्म्यावर आली आणि जिंटी मुंगीच्या चालीने सरकायला लागली. मॉडेलमध्ये पळवणं सोपं असतं, हळू चालवणं कठीण. दिव्यासाठी पांढरा एलईडी आणि एक किलो-ओहमचा रेझिस्टर घेतला. हिशोब साधा: बारातून एलईडीचे तीन व्होल्ट गेले, उरले नऊ, म्हणजे जास्तीत जास्त नऊ मिलिअँपिअर. एलईडी एकाच दिशेने वीज घेतो, त्यामुळे इंजिन पुढे जाताना दिवा लागतो, मागे येताना विझतो. भोक पाडलं नाही. दिवा चिमणीपुढे दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवला. चाकं तशीच ठेवली, कारण पोराकडचे रूळही जुन्याच पद्धतीचे. डीकोडर टाकला नाही. एकच इंजिन असलेल्या घरात पत्ता कुणाला द्यायचा?

बफर तेवढा हवा होता. रविवारी बसने स्वामीमलैला गेलो. तिथे पंचधातूच्या मूर्ती ओततात. मधमाशीचं मेण आणि राळ यांची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर द्यायचे, तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. मूर्ती काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. एका कारागिराला मी शेंगदाण्याएवढा बफर दाखवला. तो आधी हसला, मग मेणाची गोळी हातात घेऊन बसला. धातू थंड होताना आकसतो म्हणून मेणाचा बफर त्याने केसभर मोठा ठेवला. दोन आठवड्यांनी गेलो तर बफर तयार. पैसे घेईना. शेवटी त्याच्या पोरासाठी मिठाई ठेवून आलो. हा बफर मी रंगवला नाही. तीन हिरवे, एक पिवळा. नवं काय आहे ते दिसलं पाहिजे.

आपल्याकडे प्रत्येक गाडीला लॉग बुक असतं. जिंटीलाही केलं. पहिल्या पानावर बडीचं काम, मला आठवलं तेवढं. दुसऱ्या पानावर माझं: तारीख, काय काढलं, काय घातलं, का. काढलेला चुंबक एका डबीत, डबीवर चिठ्ठी. आणि शेवटी चेस्ट नंबरची पूर्ण गोष्ट, खडू आणि घामासकट.

डाव्या बाजूचा नंबर मी घातला नाही. पांढरा रंग टेबलावर होता, बारीक ब्रश होता, 214 चं वळण मला हुबेहूब काढता आलं असतं. खोकं बांधायच्या आधी ती कोरी बाजू एकदा फडक्याने पुसली, बस्स.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. रुळांच्या गोलात जिंटी फिरत होती, पुढे दिवा, मागे दोन डबे. पोराने लॉग बुक वाचलं होतं. म्हणाला, “काका, डाव्या बाजूला मी माझा नंबर टाकू का?”

“तुझा कुठला नंबर?”

“अजून नाहीये. मिळाला की टाकतो.”

वहिनी मागून म्हणाल्या, तोवर त्याचा अभ्यास होऊ दे. मी म्हटलं, होऊ दे. रंग डबीत झाकून ठेव, वाळायला नको.