झिऱ्याकाठी बसलो

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव विचारायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं आणि राजूर घाट उतरला की हवा बदलते, जमीन बदलते, बोलण्याचा हेलसुद्धा बदलतो. मी घाटावरची, चिखली तालुक्यातली. लिहायला मात्र मी घाटाखाली जाऊन शिकले.

एम.ए. मराठीला असताना आम्हाला सर्जनशील लेखनाचा पेपर होता. मी कथा लिहायचे, त्या वर्गात वाचल्या जायच्या, मार्कही चांगले पडायचे. जवळच्या अमडापूरचे सदानंद देशमुख आमच्यासाठी मोठा आधार होते. ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला, आणि त्या कादंबरीतली शेती आमच्या बांधावरची. रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ तर मी दोन रात्रींत वाचून काढली होती. आपल्याच भागातली माणसं पुस्तकात येतात, आपल्याच भागातली माणसं ती लिहितात, एवढं कळणंही त्या वयात फार होतं. पण लेखक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं : बंद खोली, टेबल आणि एकटा माणूस.

खरं तर दुसरं चित्रही आमच्याच जिल्ह्यात होतं, मी ते नीट पाहिलं नव्हतं. मेहकरचे ना. घ. देशपांडे पेशानं वकील. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह आला १९५४ साली. त्यातली शीळ त्याच्या कितीतरी आधीच जी. एन. जोशींच्या आवाजात ग्रामोफोनवरून महाराष्ट्रभर गेली होती. मेहकरात बसून लिहिलेले शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून लोकांपर्यंत पोचले होते. परीक्षेत मी यावर टीप लिहिली होती. त्यातून आपल्यासाठी काही घ्यायचं असतं, हे सुचायला चार वर्षं गेली.

मिळून लिहिण्याचा पहिला अनुभव कडू निघाला. आम्ही चौघांनी कापसाच्या भावावर एक पथनाट्य लिहिलं. एका गटानं ते मागून नेलं, गावोगाव केलं आणि पत्रकावर लेखक म्हणून भलतंच नाव छापलं. विचारायला गेलो तर म्हणाले, ‘कागद कुठंय?’ आमच्याकडे कागद नव्हता. मी आठवडाभर कुणाशी बोलले नाही. नंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की पुढचं कोणतंही काम हाती घेण्याआधी नाव कुणाचं, मानधन किती, हक्क कुणाकडे हे लिहून घ्यायचं. आजही मी ते पाळते.

आणि मग घाटाखालून निरोप आला.

जळगाव जामोद तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक मुलांसाठी पुस्तक करत होते. एका पानावर निहाली आणि समोरच्या पानावर मराठी. निहाली ही सातपुड्याच्या पायथ्याशी, जामोद आणि आसपासच्या मोजक्या गावांमध्ये बोलली जाणारी भाषा. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. शेजारी कोरकू बोलतात, बाजारात मराठी आणि हिंदी, त्यामुळे निहाल माणूस लहानपणापासूनच तीन-चार भाषांत वावरतो. तरीही त्याची स्वतःची भाषा कोणत्याही भाषाकुळात बसत नाही. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी भाषांशी जुळतात, कितीतरी शब्द कोरकूतून आलेले, पण खालचा मूळ गाभा कुणाचाच नातलग निघत नाही. कायपर नावाच्या डच पंडितानं १९६२ साली या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि मी त्याच जिल्ह्यात जन्मले, मराठीत एम.ए. झाले, तरी पंचविसाव्या वर्षापर्यंत या भाषेचं नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. याची मला तेव्हा लाज वाटली आणि अजूनही वाटते.

बुलढाण्याहून एसटीनं नांदुरा, तिथून जळगाव जामोद, पुढं गुरुजींची मोटरसायकल. समोर सातपुडा निळा दिसायला लागायचा. आम्ही पाच जण होतो : गोष्ट सांगणारी आजी, नववीत शिकणारा तिचा नातू, गुरुजी, खामगावचे एक चित्रकार आणि मी. आजी निहालीत सांगायची. नातू ते मराठीत आणायचा, अडला की कोरकूच्या आधारानं. गुरुजी निहाली वाक्यं देवनागरीत उतरवून घ्यायचे, मोबाइलवर ध्वनिमुद्रणही चालू असायचं. त्यावरून मुलांना वाचता येईल अशी मराठी लिहायची, हे माझं काम.

पहिली गोष्ट आजीच्या लहानपणची. उन्हाळ्यात नाला आटला की मुली वाळूत झिरा करायच्या. हातानं वाळू बाजूला सारायची, खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपतं ते वाटीनं भांड्यात भरायचं. पाण्याला निहालीत जोप्पो म्हणतात. आजी तो शब्द उच्चारायची तेव्हा ओठ मिटून उघडायचे, आणि वाटी पाण्यात बुडल्यासारखा आवाज व्हायचा. निदान मला तरी तसा ऐकू यायचा.

घरी येऊन मी दोन रात्री जागून मसुदा केला. तापलेली धरणी, तिच्या उरात दडलेला ओलावा, मायेचा पाझर, सगळं घातलं. पुढच्या खेपेला नातवानं तो मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबला.

‘आजी अशी नाही म्हनली, ताई. हे तुमचंच हाय.’

तो रागानं बोलला नव्हता. त्याला खरंच सापडत नव्हतं की हे कुठून आलं. गुरुजींनी ध्वनिमुद्रण लावलं. आजीची तीनच वाक्यं होती. वाळू बाजूला केली. बसलो. पाणी आलं.

मी पाझर काढून टाकला, धरणी काढली. वाक्यं छोटी केली : ‘आम्ही वाळू बाजूला केली. हळूहळू पाणी आलं.’ मला वाटलं, आता जमलं. नातवानं आजीला ते निहालीत उलटं सांगितलं. आजीनं मान हलवली. ती उठली, अंगणातल्या मातीत उकिडवी बसली, दोन्ही हातांनी माती सारल्यासारखं केलं आणि मग हात गुडघ्यांभोवती घेऊन तशीच बसून राहिली. आम्ही वाट बघत होतो की ती पुढं काहीतरी करेल. ती काहीच करत नव्हती. चुलीवर ठेवलेलं भांडं उतू जायला आलं, सुनेनं ते उतरवलं, तरी आजी बसलेलीच. बऱ्याच वेळानं तिनं वाटी बुडवल्यासारखा हात खाली नेला.

‘बसलो’ हा शब्द मी फालतू समजून गाळला होता. सारी गोष्ट त्या शब्दात होती. घाई करून झिरा उपसला तर नुसतं गढूळ पाणी हाती येतं. वाळू खाली बसू द्यावी लागते, म्हणून मुलींनाही बसावं लागतं. मी ते ‘हळूहळू’ या एका क्रियाविशेषणात उरकून टाकलं होतं.

त्या पानावर आम्ही चौघं मिळून दोन दिवस भांडलो. गुरुजींना दुसरीच्या मुलांना वाचता येतील एवढेच शब्द हवे होते. चित्रकार म्हणाले, ‘वाळूचं वर्णन तू करू नकोस, वाळू मी काढतो.’ मला राग आला, मग पटलं. जे चित्रात दिसणार ते मी परत सांगितलं तर मुलं दोन्हीपैकी एकच बघतील. शेवटी असं ठरलं की ‘आम्ही बसलो’ एवढ्या दोन शब्दांनंतर दोन अख्खी पानं बिनशब्दांची ठेवायची. कोरडा नाला, मधे एक खड्डा, काठाला तीन मुली. माझ्या नावानं छापलेल्या मजकुरातली ती दोन पानं माझ्या सगळ्यात जास्त मेहनतीची आहेत.

छपाईआधी मी नावांचा विषय काढला, जुनी जखम होतीच. मुखपृष्ठावर पहिलं नाव आजीचं, मग नातवाचं, मग आमची तिघांची, हे कागदावर लिहून पाचही जणांनी त्यावर सही केली. आजीनं अंगठा दिला. मानधनाचे पाच सारखे वाटे केले. माझ्या वाट्याला साडेचार हजार आले. लिहिण्याचे मिळालेले ते माझे पहिले पैसे. त्यानंतर माहितीपट, शाळांची पुस्तकं, आकाशवाणीसाठी संहिता अशी कामं येत गेली. आता त्यावरच माझं घर चालतं, आणि जवळजवळ प्रत्येक काम दुसऱ्या कुणासोबत केलेलं आहे.

पुस्तक आलं त्या दिवशी आम्ही सगळे आजीच्या अंगणात जमलो. शेजारची मुलं गोळा झाली होती. नातू उभा राहून वाचत होता, आधी निहाली, मग मराठी. बिनशब्दांच्या पानांशी तो आला आणि पुस्तक मुलांकडे फिरवून गप्प राहिला. कुणीच काही बोलेना. एक बारकी मुलगी पुढं सरकून चित्रातल्या खड्ड्यात वाकून बघायला लागली.

बऱ्याच वेळानं आजी काहीतरी पुटपुटली. मी नातवाकडे पाहिलं.

‘पाणी आलं म्हनते,’ तो म्हणाला, ‘आता पान उलटव.’