उद्या येसान का?

शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरं दप्तरं पाठीला अडकवून फाटकाकडे धावली आणि त्या धावपळीतून एक मुलगी मागे फिरून माझ्यापाशी आली. लाल रिबिनी, त्यातली एक सुटलेली. हाताला खडूची भुकटी. तिने माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरलं आणि विचारलं, "म्याडम, उद्या येसान का?"

मेडशीच्या परिसरातल्या एका लहानशा शाळेतला माझा तो पहिला दिवस. "येईन की," मी सहज म्हणून गेले. तिने ओढणी सोडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग मनाशी काही ठरवल्यासारखी मान हलवून पळाली. संध्याकाळी अकोल्याच्या गाडीत, पातूरचा घाट उतरताना, तो शब्द माझ्यासोबत होता. वऱ्हाडीत 'तू'ला येशीन आणि 'तुम्हा'ला येसान. माझी आजी पाहुण्याला निरोप देताना उंबऱ्यात उभी राहून हेच विचारायची, आता कवा येसान? तिच्या विचारण्यात माया असे. या मुलीची नि माझी ओळख उण्यापुऱ्या पाच तासांची. तिच्या विचारण्यात पारख होती. आधी कुणीतरी आलं असणार, गोड बोललं असणार आणि पुन्हा दिसलं नसणार.

खरं तर मला हिमालयात जायचं होतं. माझी एक मैत्रीण नेपाळच्या डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेत दोन महिने शिकवून आली होती. दगडी भिंतींची शाळा, मागे बर्फाची शिखरं, थंडीने गाल फुटलेली हसरी पोरं, असे तिचे फोटो मी कितीदा पाहिले असतील. नोकरी सोडून अकोल्याला परतले तेव्हा तेच मनात होतं. त्याच सुमारास ओळखीतले एक गुरुजी म्हणाले, "डोंगरच पाहिजे ना ताई? मग मेडशीकडे या. आमच्याकडेही डोंगर आहे, आणि पोरं वाट पाहतात." शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत माझी गोष्ट निघाली, होकार मिळाला आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असे माझे वार ठरले.

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग. पूर्णेच्या खोऱ्यातला तो पयनघाट आणि वरचा तो बालाघाट. अकोला खाली, वाशीम वर. पातूर सुटलं की रस्ता वळणं घेत चढू लागतो आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान जवळ येतं. पावसाळ्यात ही झाडं अशी भरतात की बसच्या खिडकीतून हात काढला तर पान हाताला लागावं. उन्हाळ्यात तीच झाडं हाडांसारखी उभी. घाट संपतो, हवा थोडी हलकी लागते, शेतं दिसू लागतात, सोयाबीन, तूर, मध्ये एखादं पळसाचं झाड, आणि मेडशी येते. हिमालयाच्या मानाने हा चढ म्हणजे काहीच नाही. पण आठवड्यातून तीनदा चढायचा घाट हळूहळू आपला होतो.

विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी राज्याच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे आमचं वर्ष पावसाबरोबरच सुरू होतं. ओल्या पायांचे ठसे वऱ्हांड्यावर, खिडकीत वाळत घातलेलं दप्तर. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी असे चार वर्ग. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि कागदावर ते बरोबरच आहे. मात्र एका खोलीत दोन इयत्ता बसल्या की दुसरीची बेरीज चालू असताना पहिलीला गप्प बसावं लागतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला गप्प बसण्याइतकं अवघड दुसरं काही नाही. त्यात गुरुजींच्या टेबलावर माहितीचे तक्ते, पोषण आहाराची नोंदवही, मोबाइलवर भरायचे रकाने. माणूस मनाचा कितीही चांगला असला तरी त्याला दोनच हात. मी तिथे तिसरा हात झाले, इतकंच. पहिलीची मुलं घेऊन मी वऱ्हांड्यात सतरंजी टाकून बसू लागले.

दुपारी खिचडीचा वास सुटला की शिकणं आपोआप थांबतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सोबत डाळ, भाजी, असा हा हिशेब. पूर्वी महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ घरी मिळायचा. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असं बजावलं, तेव्हापासून देशभरातल्या शाळांमध्ये चुली पेटल्या. शिजवणाऱ्या काकू ताटात वाढताना प्रत्येकाला नावाने हाक मारतात. हजेरीपटापेक्षा त्यांची हजेरी पक्की असते, कारण कोण आज उपाशी आलंय हे त्यांना डोळ्यांवरून कळतं.

लाल रिबिनीवाली पहिलीतच होती. तांड्यावरून यायची. दुसऱ्या आठवड्यात मी चित्रांचा तक्ता काढला. पदर घेतलेल्या बाईच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ही कोण?" ती ताठ होऊन म्हणाली, "याडी."

मागून दोघं-तिघं हसली. मी म्हटलं, "आई म्हण बाळा. आ, आ आईचा." तिने ओठ मिटले. तो दिवस गेला, बुधवार गेला, शुक्रवारही गेला. ती यायची, बसायची, पाटीवर रेघोट्या ओढायची, पण तोंडातून शब्द नाही. तिच्या घरी गोरमाटी बोलतात. बंजाऱ्यांची ती भाषा, आणि तिच्यात आईला याडी म्हणतात. सहा वर्षं ज्या शब्दाने तिने आईला हाक मारली, तो शब्द मी सगळ्यांदेखत चूक ठरवला होता. आईच चुकीची आहे असं सांगितल्यावर लेकरू बोलेल कसं?

मला माझी चूक खिचडीच्या वेळी कळली. ताट हातात घेऊन ती शेजारणीला सांगत होती, घरी आज बाटी केली होती. बाटी म्हणजे भाकर. जेवण झाल्यावर मी तिची पाटी मांडीवर घेतली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: बाटी. म्हटलं, "हे काय लिहिलंय, माहीत आहे? तू मघाशी जे म्हणालीस ते." ती पाटीकडे बघत राहिली. बोट काढून अक्षरांवरून फिरवलं, काना चढली, वेलांटी उतरली. "बा... टी." मग एकदम मान वर करून, "बाटी?"

आपल्या घरातली वस्तू शाळेच्या पाटीवर बसलेली ती पहिल्यांदा बघत होती. मी पहिलं अक्षर पुसून 'पा' लिहिलं. पाटी. तिने हातातल्या पाटीवर थाप मारली. 'का' लिहून दुसरं अक्षर बदललं, काठी झाली. मग मी 'मा' लिहिला आणि शेवटी 'टी'. ती वाचता वाचता थबकली. माटी. डोळे बारीक केले, लेखण माझ्या हातातून काढून घेतली आणि त्या शब्दाच्या आधी एक वेडंवाकडं काही काढलं. अक्षर नव्हतंच ते. पण बोट ठेवून म्हणाली, "गोर." आणि पुढे सरकून, "माटी." गोरमाटी. तिची भाषा, तिचे लोक, तिची ती सगळी. त्या दिवशी पहिलीच्या मुलीने मला शिकवलं की वाचणं कुठून सुरू होतं.

मग आम्ही वऱ्हांड्यात सगळेच शब्द आत घेतले. 'का'च्या शेजारी 'काहून' लिहिलं, 'मला'च्या शेजारी 'मले'. पुस्तकातली मराठी मुलांना यायलाच हवी. तिच्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत, आणि ती शिकवण्यात मी कसूर केली नाही. पण त्या मराठीपर्यंत जायची पायवाट घराच्या अंगणातूनच जाते. नेपाळमध्ये 2021 च्या जनगणनेत 124 मातृभाषा नोंदल्या गेल्या. तिथल्या कितीतरी वाड्यांवर मूल घरी तामांग किंवा शेर्पा बोलतं आणि शाळेत नेपाळी ऐकतं. 2015 च्या राज्यघटनेने मातृभाषेत शिकण्याचा हक्क दिला आहे, तो त्याच दुखण्यावर. फोटोतली ती गाल फुटलेली पोरंही कधी एखाद्या शब्दापाशी अशीच ओठ मिटून बसली असतील, हे मला मेडशीला येऊन समजलं.

आणि हे आपल्या मातीला नवीन थोडंच आहे! वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखराच्या काव्यमीमांसेतल्या कथेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते याच नगरात. पुढे महानुभावांच्या काळात, ग्रंथ संस्कृतात लिहायची गोष्ट निघाली तेव्हा नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला, कारण नाहीतर साध्याभोळ्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. ज्याला सांगायचं त्याच्या बोलीत सांगावं, ही शिकवण वऱ्हाडाने शतकांपूर्वी दिली. वऱ्हांड्यातल्या सतरंजीवर आम्ही तिचीच उजळणी करत होतो.

श्रावणात घरात एक लग्न निघालं आणि माझे वार चुकले. शाळेत निरोप पाठवला नाही. कोण वाट बघतंय, असं कुठेतरी मनात होतं. दीड आठवड्याने बुधवारी गेले तर वऱ्हांड्याच्या दाराच्या चौकटीवर कोळशाच्या चार रेघा. चुलीतला कोळसा. काकूंनी सांगितलं, रिबिनीवालीने ओढल्या. मी मोजलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सोमवार. तिने मधले दिवस धरले नव्हते. फक्त माझे वार, ज्या वारी मी येते म्हणाले होते आणि आले नव्हते. ती कोपऱ्यात बसली होती. तिने मला काही विचारलं नाही. ते चार काळे उभे दांडे मला आजही दिसतात. पुन्हा माझा वार चुकायचा असला की आधी सांगून चुकला.

एडमंड हिलरीची गोष्ट मी त्यानंतर नव्याने वाचली. 1953 साली तेनझिंगबरोबर तो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पुढे त्याने शेर्पांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? त्यांनी शाळा मागितली. 1961 साली खुमजुंगला शाळा उभी राहिली. पुढची कितीतरी वर्षं तो तिथे जात राहिला, शाळा आणि दवाखाने बांधत राहिला. 1975 साली त्याची बायको आणि धाकटी मुलगी त्याच्याकडे यायला निघाल्या होत्या. काठमांडूहून उडालेलं त्यांचं विमान कोसळलं. ज्या डोंगरांनी त्याचं घर रिकामं केलं, त्याच डोंगरांत तो पुन्हा गेला. शिखरावर तो एकदाच चढला. शाळांपाशी मात्र परत परत गेला. माझ्या लेखी त्याचं मोठेपण या दुसऱ्या चढाईत आहे.

दसऱ्याच्या आधी सोयाबीन सोंगणीला आलं आणि पट गळू लागला. मोठी पोरं रानात, लहान पोरं त्यांच्यापेक्षा लहानांना सांभाळायला. दिवाळीनंतर तांडा हलला. मुकादमाची उचल घेतलेली घरं ऊसतोडीला निघाली. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि त्या कोयत्यामागे लेकरंही जातात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत ती मागे राहतात. हिच्या घरी मागे कोणी नव्हतं. गुरुजींनी तिचं शिक्षण हमी कार्ड भरलं. जिथे जाल तिथल्या शाळेत हे दाखवा, लेकराला बसवून घेतील, असं तिच्या बापाला दोनदा समजावलं. तिने ते कार्ड बाटी गुंडाळतात तसं फडक्यात गुंडाळलं आणि दप्तरात तळाशी ठेवलं.

फाटकापाशी ती थांबली. या खेपेला विचारायची पाळी माझी होती. "आता कवा येशीन?"

"पाडव्याले," ती म्हणाली. आणि माझ्याकडे तसंच बघत राहिली, पहिल्या दिवशी मी जसं उत्तर दिलं होतं तसं आपण दिलं की काय, हे तपासत असल्यासारखी.

पुढच्या सोमवारी मी चुलीजवळचा कोळसा उचलला आणि दाराच्या चौकटीच्या दुसऱ्या बाजूला एक रेघ ओढली. बुधवारी दुसरी. थंडीत सागाची पानं लालसर होऊन गळाली, रेघा खालून वर चढत गेल्या. होळीच्या सुमारास पळस फुलला, घाटाच्या कडेने जाळ लागल्यासारखा. माझा हात आता चौकटीच्या माथ्याजवळ पोचला होता.

पाडवा झाला आणि त्यानंतरच्या बुधवारी ती आली. उंच झाली होती, उन्हाने रापली होती, हाताला उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे. कार्डावर एका शाळेचा शिक्का होता. कार्ड गुरुजींच्या टेबलावर ठेवून ती वऱ्हांड्यात आली आणि चौकटीपाशी थबकली. बोट ठेवून खालून मोजू लागली. "एक, दी, तीन..." दहापर्यंत घरच्या भाषेत, आणि पुढे न अडखळता, "अकरा, बारा, तेरा..." हात पुरेना तेव्हा टाचा उंचावल्या. मी मध्ये बोलले नाही.

शाळा सुटली. पोरं फाटकाकडे धावली. ती मागे फिरली, ओढणी धरायला हात पुढे केला आणि मध्येच खाली घेतला.

"म्याडम," ती म्हणाली, "परवा शुक्रवार हाय."