रकाना

माझी मावसबहीण गेली बावीस वर्षे आरोग्यसेविका आहे. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष. तिच्या उपकेंद्राचा आकडाही साधारण तेवढाच भरतो. पण तो आकडा किती वाड्यांत विखुरला आहे आणि त्या वाड्यांमध्ये किती ओढे आहेत, हे निकष सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाळंतपण चालू असताना वीज गेली. मोबाइलच्या उजेडात बाळ सुखरूप बाहेर आले, मातेला इंजेक्शन दिले गेले, आणि ताईने हातातल्या सुईवर टोपण बसवायला घेतले. सुई अंगठ्यात गेली. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही. ती कटरने तोडून पांढऱ्या, सहज भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची, हे ताई स्वतः आशाताईंना शिकवते. कटर समोरच्या टेबलावर होता. मध्ये चार पावले होती, अंधार होता, आणि बाळ आशाताईच्या हातात होते. अंगठा क्षणभर तोंडात गेला (तेही करायचे नसते), मग साबण आणि वाहते पाणी.

मातेच्या कार्डावर एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची नोंद होती. हिपॅटायटिस बीची जागा कोरी होती. आणि ताईने स्वतः त्या लसीच्या तीनपैकी दोनच मात्रा घेतल्या होत्या. तिसरी ‘घेऊ’ म्हणता म्हणता राहिली. सुई टोचल्यावर एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के, तर लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका 30 टक्क्यांपर्यंत जातो. आपण घाबरतो ते नेमके उलट्या प्रमाणात. मातेच्या रक्ताचा अहवाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ताईने घरात आपला कप वेगळा ठेवला. कपाने हा आजार पसरत नाही, हे तिच्याइतके त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

अहवाल निगेटिव्ह आला. प्रकरण संपले, असे मीही धरून चाललो होतो. पण दिवाळीत तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने नोंदवहीतल्या त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. दिनांक, वेळ, नाव आणि शेवटी ‘अपघाताचे कारण’. तिथे वरिष्ठांच्या अक्षरात एकच ओळ : कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

मी व्याकरण शिकवतो. ‘मला सुई टोचली’ या वाक्यात कर्ता सुई आहे. माणूस तिथे चतुर्थीत, सोसणारा म्हणून उभा असतो. बोलणाऱ्याने मराठीत सहज सांगितलेली ही गोष्ट त्या रकान्यात येईपर्यंत सुई नाहीशी झाली होती, वीज गेली होती ती तर आलीच नाही, आणि उरली होती फक्त ताई.

‘‘वीज गेली होती, हे तू लिहायचं ना!’’

‘‘त्याला रकाना नाही रे.’’

घरी आल्यावर मी 2016 चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम काढून पाहिले. अपघाताच्या अहवालाचा नमुना त्यांतच दिलेला आहे. त्यात घटनाक्रम विचारला आहे; पुन्हा असे घडू नये म्हणून काय केले, हेही विचारले आहे. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस देण्याची जबाबदारीही त्या नियमांनी संस्थेवर टाकली आहे. म्हणजे रकाना होता. वाटेत कुठेतरी नोंदवही आखताना तो गळला.

दर 3 जानेवारीला मी महाविद्यालयात सावित्रीबाईंवर बोलतो. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या, हे सांगताना माझ्या तोंडी ‘त्याग’, ‘समर्पण’ हे शब्द आपसूक येतात. ते खोटे नाहीत. पण शुश्रूषा करणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या धोक्यासाठी आमच्या शब्दसंग्रहात एका टोकाला त्याग आणि दुसऱ्या टोकाला निष्काळजीपणा एवढेच असावे, याची यंदा बोलताना अडचण झाली. भाषण नेहमीपेक्षा लवकर आटोपले.

नियमांतल्या त्या नमुन्याची प्रत मी ताईला पाठवली. तिने ती वर पाठवली की नाही, मी विचारलेले नाही. तिला तिथेच नोकरी करायची आहे. तिसरी मात्रा मात्र तिने घेतली. कटर आता टेबलावर नसतो. खाटेच्या उशाशी खिळा ठोकून, हात लांबवला की लागेल असा, तिने तो सुतळीने टांगला आहे.