कॅमेऱ्याची परवानगी आणि नावाची चौकशी

भंडारा जिल्ह्यात कुणी रस्त्यावर मोबाईल आडवा धरून दोन मिनिटे चित्रण करू लागला, की कुणी ना कुणी विचारतोच, "परवानगी आहे का?" विचारणारा कधी गणवेशात असतो, कधी पानठेल्यावर बसलेला रिकामा माणूस असतो. परवानगी कुणाची, कोणत्या नियमाखाली, हे त्यालाही ठाऊक नसते. पण प्रश्न एवढ्या अधिकाराने येतो, की समोरचा गुपचूप मोबाईल खिशात टाकतो आणि चालू लागतो.

या प्रश्नाकडे मी गेली दोन वर्षे लक्ष देऊन पाहतो आहे, ते माझ्या भाच्यामुळे. तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मोबाईलवर छोट्या फिल्म बनवतो. पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव होते, ती भांडी ठोकणाऱ्या कारागिरांवर त्याने एक फिल्म केली. वैनगंगेच्या काठचे ढिवर, धानाची रोवणी, तलावांवरचे शिंगाडे, असे त्याचे विषय. राजकारणाशी त्याला देणेघेणे नाही.

मागच्या पावसाळ्यात तो आणि त्याचा वर्गमित्र एका आठवडी बाजारात चित्रण करत होते. दोघांच्या हातात एकसारखेच मोबाईल. एक गणवेशधारी आला. त्याने दोघांनाही परवानगी विचारली, दोघांनाही नाव विचारले. मित्राचे नाव ऐकून त्याने मान डोलावली. भाच्याचे नाव ऐकल्यावर मात्र प्रश्न सुरू झाले. कुठे राहतोस? कुणासाठी काढतोस? कुठे पाठवणार? मित्र सांगत होता, "साहेब, आम्ही दोघं सोबतच आहो." तरी अर्धा तास एकालाच बसवून ठेवले, त्याच्या मोबाईलमधले फोटो चाळले आणि मग जायला सांगितले. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. तक्रार करायची म्हटली तर कागदावर लिहिण्यासारखे काही घडलेच नव्हते.

घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, "मामू, एक लेटर काढून द्या ना. लेटर असलं की नाव नाही विचारणार कोणी."

ते लेटर काढायला आम्ही दोघे निघालो. पहिल्या कार्यालयात सांगितले, हे आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आधी पहिल्या कार्यालयाचे ना-हरकत आणा. तिसऱ्या टेबलावरच्या बाबूंनी आपुलकीने विचारले, "सिनेमा आहे का? किती गाड्या येतील? नट कोण आहे?" गाड्या नाहीत, नट नाही, एक मुलगा आणि एक मोबाईल आहे, म्हटल्यावर तेही गोंधळले. त्यांच्याकडे अशा माणसासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता.

मग मी कायदा वाचायला बसलो. त्यात जे सापडले ते आपल्या तरुणांनी माहीत करून घ्यावे असे आहे.

आपल्याकडे १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे, पण तो मुख्यतः फिल्म लोकांना दाखवण्याविषयी आहे. रस्त्यावर कॅमेरा काढण्यासाठी सरसकट परवाना घ्यावा, असे तो सांगत नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो जागेमुळे. वरठीला भंडारा रोड स्टेशनवर शूटिंग करायचे तर रेल्वेला विचारावे लागते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात फिल्मचे शूटिंग करायचे तर त्या खात्याला. कोका अभयारण्यात जायचे तर वनखात्याला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये फोटोग्राफीसाठी प्रवेशाची परवानगी स्वतंत्रपणे नमूद आहे. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडलेले आहेत आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारख्या ठिकाणी १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागतो. तिथे कॅमेरा काढायचाच नाही. मोठे युनिट घेऊन रस्ता अडवायचा असेल तर अर्थातच परवानगी लागते. त्यासाठी राज्य सरकारची एक खिडकी योजना आहे, तिचे काम गोरेगावच्या चित्रनगरीतले महामंडळ पाहते. परवानगी न घेता रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८५ आहेच.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. कायद्याला काळजी आहे ती जागेची, अडथळ्याची आणि सुरक्षेची. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभा राहून, कुणाची वाट न अडवता, मोबाईलवर चित्रण करणारा मुलगा यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी अर्ज नव्हता.

नेमकी इथेच अडचण आहे. त्याला परवानगी लागत नाही, हेही कुठे लिहिलेले नाही. जिथे लिहिलेले नसते तिथे समोरच्याची मर्जी चालते, आणि मर्जी नाव पाहून ठरते.

पोलीस ठाण्याबाबतही असाच समज होता. वर्ध्यात एका शेजाऱ्यांच्या भांडणात एक गृहस्थ पत्नीसह ठाण्यात गेले होते. तिथली बोलणी ते मोबाईलवर टिपत असल्याचे पोलिसांना दिसले. त्यांच्यावर २०१८ मध्ये थेट शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. २०२२ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. या कायद्यातल्या 'प्रतिबंधित ठिकाणा'च्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपला जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत आहे. तरीही 'ठाण्यात मोबाईल काढला की गुन्हा' ही समजूत आजही गावोगावी ऐकू येते. निकाल लागून उपयोग नसतो, तो खालच्या टेबलापर्यंत पोहोचावा लागतो.

ही गत केवळ आपल्याकडची नाही. २००५ च्या मे महिन्यात आपले माहितीपटकार राकेश शर्मा न्यूयॉर्कमध्ये होते. गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावर 'फायनल सोल्युशन' करणारे हेच ते. मॅनहॅटनच्या रस्त्यावर ते हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने टॅक्सींचे चित्रण करत होते. पोलिसांनी त्यांना अडवले, काही तास ताब्यात ठेवले आणि परवाना लागतो असे सांगितले. पुढे त्यांनी रीतसर परवाना मागितला, तर तो नाकारला गेला. ११ सप्टेंबरनंतरचे ते दिवस होते आणि कॅमेरा धरणारा माणूस सावळा होता. तिथल्या एका नागरी हक्क संघटनेच्या मदतीने त्यांनी शहरावर दावा लावला. एवढ्या मोठ्या शहराकडे परवाना कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, याचे लिखित नियमच नव्हते. तडजोडीत शहराने ते करायचे कबूल केले.

पण २००७ मध्ये जो मसुदा आला तो आणखी अवघड होता. दोन माणसे कॅमेरा घेऊन अर्ध्या तासाहून जास्त एका जागी थांबली तरी परवाना आणि दहा लाख डॉलरचा विमा! लोकांनी गदारोळ केला. अखेर २००८ मध्ये साधा नियम लागू झाला: हातातला कॅमेरा किंवा तिकाटणे असेल, सार्वजनिक जागा फक्त स्वतःसाठी अडवायची नसेल, तर परवाना नको. एका माणसाला नाहक बसवून ठेवल्यातून सगळ्या शहराला चार ओळींचा नियम मिळाला. त्याचा फायदा लग्नाचे फोटो काढणाऱ्यालाही झाला आणि पर्यटकालाही.

आता आपल्या बाजूचेही पाहू. कॅमेरा नेहमी निरुपद्रवी असतो असे मी म्हणणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एक वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी घेरले. व्हिडिओ पसरले आणि नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्या तिकीट काढून आत आल्या होत्या, म्हणजे प्रवेशाची परवानगी होतीच. कागद हातात असूनही वाघिणीची वाट अडली ती अडलीच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये, इगतपुरीच्या आसपास, मुलीकडे निघालेल्या ७२ वर्षांच्या एका मुस्लिम गृहस्थांना गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. मारणाऱ्यांनी तिचा व्हिडिओ काढला. भरलेल्या डब्यात त्यांना कुणी विचारले नाही, "परवानगी आहे का?" तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. आपल्या घरातली म्हातारी माणसे त्यानंतर प्रवासाला डबा नेताना दोनदा विचार करू लागली.

या दोन घटना आणि भाच्याचा बाजार शेजारी ठेवून पाहा. एकीकडे कागद होता आणि इजा झाली. दुसरीकडे कागदाचा प्रश्नच कुणी काढला नाही आणि माणसाची अब्रू चव्हाट्यावर आली. तिसऱ्या ठिकाणी कुणालाही काही झाले नव्हते, तिथे मात्र अर्धा तास चौकशी झाली. विचारायचा प्रश्न एकच आहे: या चित्रणाने कुणाची वाट अडते का, कुणाला इजा होते का, कुणाची अब्रू जाते का? त्यासाठी नाव कळण्याची गरज नाही.

परवानगी मागणे ही गोष्ट आपल्या घरात नवी नाही. कुणाच्या दारात गेलो तर बाहेर उभे राहून सलाम करायचा, आतून बोलावले तरच पाऊल टाकायचे, तीनदा विचारून उत्तर आले नाही तर मुकाट्याने परत फिरायचे, हे दादीने लहानपणीच शिकवले. भाचा कारागिराच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरण्याआधी त्याला विचारतो. बाजारातल्या बायका चित्रात आल्या तर तेवढा भाग काढून टाकतो. त्याला ही परवानगी मागायला कुठला कायदा लागला नाही. जे लोक आपल्या मोहल्ल्यात येऊन, बुरख्यातल्या मुलींच्या मागे मोबाईल धरून 'वातावरण' दाखवतात, त्यांनाही हीच रीत लागू आहे. आणि आपली पोरे मिरवणुकीत दुसऱ्याच्या दारासमोर थांबून रील काढतात, त्यांनाही.

म्हणून मी एक अर्ज लिहिला आहे. मागणी छोटी आहे. प्रत्येक नगरपरिषदेने आणि पोलीस ठाण्याने दर्शनी भागात मराठीत एक पान लावावे. हातातला मोबाईल, कॅमेरा किंवा एक तिकाटणे, वाट अडत नसेल तर परवानगी नको, हे त्यावर पहिल्या ओळीत असावे. परवानगी लागते ती ठिकाणे कोणती आणि अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, हे खाली असावे. आणि कुणाला थांबवले, तर कोणत्या नियमाखाली थांबवले ते त्याला चिठ्ठीवर लिहून द्यावे. शेवटची ओळ माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कारण नाव हे कारण कुणाला लिहून देता येत नाही.

सह्या गोळा करताना मला वाटले होते, आपल्याच लोकांकडे फिरावे लागेल. पण पहिल्या सह्या केल्या त्या लग्नाचे शूटिंग करणाऱ्या दोन फोटोग्राफरांनी आणि झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणाऱ्या एका नटाने. त्यांनाही तोच प्रश्न ठिकठिकाणी ऐकावा लागतो, फक्त त्यांची सुटका लवकर होते, असे फोटोग्राफर स्वतःच हसत म्हणाला. भाच्याच्या वर्गमित्राने कॉलेजातून आणखी सह्या आणल्या आहेत.

अर्ज एकाच पानाचा आहे. तुमच्या गावात द्यायचा असेल तर गावाचे नाव बदला, खाली तुमची सही करा आणि पोच घ्यायला विसरू नका.