चाललं होतं ना सगळं?

जोडीने चालणाऱ्या गोष्टींचे मला पहिल्यापासून मोठे कुतूहल आहे. काही जोड्या अशा असतात, की त्यांतला एक हरपला की दुसरा निकामी. चपलांचा जोड घ्या. देवळाबाहेरून एकच चप्पल नाहीशी झाली, तर उरलेली मिरवीत कोणी घरी येत नाही. चोरालाही हे ठाऊक असते. तो नेतो तेव्हा दोन्ही नेतो. दुसऱ्या जोड्या अशा, की त्यांतला एकटाही सारे काम रेटून नेतो. दोन डोळे, दोन मूत्रपिंडे, किंवा जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी जावा.

शेतकऱ्याच्या बैलजोडीचे एक बरे असते. एक बैल लंगडू लागला की जू कलते, तास वाकडे जाते आणि औत धरणाऱ्याच्या मुठीला ते तात्काळ समजते. जात्याचे तसे नाही. एकीचा हात दुखू लागला तरी दुसरी थोडा अधिक जोर लावते. जाते फिरत राहते, पीठ पडत राहते. ते पीठ दोघींच्या हातचे की एकीच्या, हे भाकरी खाणाऱ्याला कसे कळावे?

या दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांची राखण करणे हाच माझा वीस-बावीस वर्षांचा धंदा. जोडी मात्र जावांची नव्हे, संगणकातल्या तबकड्यांची. 1969 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स नावाच्या प्रणालीची वंशावळ आता फार वाढली आहे. तिच्या सोलारिस नावाच्या शाखेचा मी पुण्यातल्या एका कचेरीत कारभारी होतो. लग्नाकार्यात कोणी विचारले, ‘तुम्ही काय करता?’ आणि मी म्हटले, ‘तबकड्या सांभाळतो,’ तर समोरच्याला ग्रामोफोनची आठवण होई. मीही फारसा खुलासा करीत नसे. आज दिवाळीच्या निमित्ताने करतो.

संगणक जे काही कायमचे लक्षात ठेवतो, ते अशा तबकडीवर, म्हणजे डिस्कवर. 1956 साली आय.बी.एम. कंपनीने असले पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून 50 लाख अक्षरे मावत. पुढे हे प्रकरण तळहातावर मावू लागले, पण फिरणे काही सुटले नाही. माझ्या ताब्यातल्या तबकड्या मिनिटाला दहा हजार फेरे घेत. रात्रंदिवस, सणवार न पाळता. जे इतके फिरते ते एक दिवस थांबणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून शहाण्यांनी तोड काढली, की तबकड्या दोन ठेवाव्यात आणि जे एकीवर लिहायचे ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहावे. याला ‘मिररिंग’ म्हणतात, म्हणजे आरसा धरणे. 1988 साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी तबकड्यांच्या समूहांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. तोपर्यंत आरसा ही जुनी रीत होऊन गेली होती. ही रीत महाग आहे, एकीच्या जागी दोन विकत घ्याव्या लागतात, ही तर त्या तिघांची तक्रार!

हा आरसा धरायला वेगळे यंत्र लागतेच असे नाही. खुद्द प्रणालीतलाच एक थर ते काम करतो. लिहिणाऱ्या प्रोग्रामला वाटते, समोर एकच तबकडी आहे. त्याचे लिखाण हा थर मुकाट्याने दोन्हींकडे पोचवतो. वाचायची वेळ आली, की एकदा हिला आणि एकदा तिला विचारतो. म्हणजे दोघींवर सारखा भार. आणि एक गेली, तर? तर काहीच नाही. थर सगळी कामे उरलेलीकडे वळवतो. कोणाचे काम अडत नाही, पडद्यावर अक्षर हलत नाही. जाते फिरत राहते.

2004 साली मी त्या कचेरीत रुजू झालो. तिथल्या यंत्रावर काही शे कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब होते. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाच्या गावाकडच्या घराचे पत्रे, कोणाचे म्हातारपण, सारे त्या आकड्यांत. नव्या घरात गेल्यावर बाई आधी डबे उघडून पाहते, तसा मी पहिल्याच दिवशी यंत्रासमोर बसलो आणि ‘मेटास्टॅट’ ही आज्ञा दिली. तबकड्यांच्या जोड्यांचे क्षेमकुशल ती सांगते. पहिल्या तबकडीपुढे लिहिले होते, ‘ठीक’. दुसरीपुढे लिहिले होते, ‘दुरुस्तीची गरज’. ही अवस्था केव्हापासून, हेही त्याच आज्ञेला विचारता येते. विचारले. उत्तर आले, ती तारीख सात महिन्यांपूर्वीची होती!

मी कचेरीतल्या जुन्या हिशेबनिसांकडे गेलो. साठीला टेकलेले गृहस्थ, कपाळावर चष्मा. मी म्हणालो, ‘‘काका, सात महिने हे यंत्र एका पायावर उभं आहे.’’

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, ‘‘अहो, पण चाललं होतं ना सगळं?’’

या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर सुचले नाही. खोटे काय होते त्यात? चाललेच होते. पगार वेळेवर निघाले होते, पावत्या छापल्या गेल्या होत्या. आरसा ज्यासाठी धरला होता ते त्याने चोख केले होते. एकीचे मरण त्याने इतके बेमालूम झाकले, की कोणाला सुतक म्हणून पाळावे लागले नाही.

यंत्राला मात्र त्याची जाणीव असते, आणि ती व्यक्त करण्याची त्याची तऱ्हा मोठी विचार करण्याजोगी आहे. सोलारिसची ही व्यवस्था आपल्या जोड्यांची नोंद एकाच ठिकाणी न ठेवता तिच्या अनेक प्रती ठेवते. आमच्या यंत्रावर दर तबकडीवर तीन, अशा सहा होत्या. नियम असा, की निम्म्या प्रती शाबूत आहेत तोवर चालू यंत्र चालत राहील. पण ते एकदा बंद पडून पुन्हा उठायचे असेल, तर निम्म्याहून एक तरी अधिक हवी. आमच्याकडे सहांपैकी तीन उरल्या होत्या. म्हणजे जागे आहे तोवर ठीक, पण निजले की आपल्या पायांनी उठणार नाही! ते अर्धवट उठून बसते आणि माणसाची वाट पाहते. मेलेल्या प्रती कोणत्या, त्या पुसून टाकू का, हे माणसाने सांगावे लागते. मला या हट्टात शहाणपण दिसते. उरलेल्या निम्म्या प्रतीच खऱ्या कशावरून? कदाचित त्याच जुन्या, शिळ्या असतील. पंचांत दोन तट समसमान पडले, की आपलाच तट खरा असे न म्हणता थांबावे, एवढा विवेक त्या यंत्रात आहे. सभा-संमेलनांत तो नेहमी आढळतोच असे नाही.

नवी तबकडी दोन दिवसांनी आली. ती बसवण्याआधी मी सगळा मजकूर टेपवर उतरवून घेतला, कारण पुढचा टप्पा नाजूक असतो. नवी तबकडी कोरी पाटी. तिच्यावर सगळे लिहायचे, तर जुनीला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून दाखवावे लागते. जे कोपरे वर्षानुवर्षे कोणी उघडले नाहीत, तेही. आणि हे सारे सात महिने एकटीने संसार ओढल्यावर! दोघी बहुधा एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या, म्हणजे वयही तेच. एखादा कोपरा आतून झिजलेला असेल, तर तो उघडकीला येणार तो नेमका या वेळी, जेव्हा सावरायला जोडीदारीण नाही.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर काम सुरू केले. पडद्यावर टक्के दिसू लागले. चार. सात. अकरा. हिशेबनीस काका घरी गेले नव्हते. चहाचे दोन कप घेऊन ते माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना त्यातले अक्षर कळत नव्हते, पण आजाऱ्याच्या उशाशी बसायला वैद्यक कुठे यावे लागते? चाळिसाच्या सुमारास आकडा बराच वेळ हलेना. काका हळूच म्हणाले, ‘‘माझे स्वतःचे एकतीस वर्षांचे आहेत हो त्यात.’’ मग आकडा हलला. सुमारे तीन तासांनी दोन्हींपुढे ‘ठीक’ आले. काकांनी पडद्याला नमस्कार केला आणि छत्री घेऊन निघून गेले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आरसा म्हणजे राखून ठेवलेली प्रत नव्हे. पुढे एकदा एका कारकुनाने सबंध वर्षाचा कप्पा पुसून टाकला. ‘दुसऱ्या तबकडीवर असेलच की,’ असे सगळे एकमुखाने म्हणाले. कसा असेल? आरशापुढे उभे राहून कपाळाचे गंध पुसले, तर आरशातल्या माणसाच्या कपाळावर ते राहते का? थराने पुसण्याची आज्ञाही तितक्याच इमानाने दोन्हींकडे पोचवली होती. तो कप्पा आदल्या रात्रीच्या टेपवरून परत आला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा आपल्याला पाठ आहे. त्या पाण्यावर तरल्या असे भाविक म्हणतात, अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून वाचले असे दुसरे म्हणतात. त्या वादात मी पडत नाही. पण त्याच गाठोड्यात वह्यांची दुसरी नक्कल बांधलेली असती, तर तीही त्याच डोहात गेली असती, हे दोघांनाही मान्य व्हावे. जोडीदार शेजारी हवा आणि नक्कल लांब हवी.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे दोन वर्षांनी मिळाले, आणि तेही यंत्राने दिले नाही.

माझे मामा-मामी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी दोघेच राहत. मामा गावात पत्रे वाचून दाखवणारे, अर्ज लिहून देणारे म्हणून प्रसिद्ध. आम्ही दर रविवारी फोन करीत असू. ‘‘कसं काय, मामा?’’ ‘‘झकास! तुमचं सांगा.’’ एका पावसाळ्यात मामींचा पाय मोडला आणि त्यांना पुण्याला आणावे लागले. मामा बरोबर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिले, तेव्हा ते त्यांनी उलटे धरले होते. डोळ्यांनी दीड वर्षापूर्वीच दगा दिला होता. पत्रे मामी वाचीत आणि मामा ती ऐकून पाठ म्हणून दाखवीत. हिशेब मामी लिहीत. एसटीची पाटी मामी वाचीत. आम्हाला कोणाला पत्ता नाही. मी मामींना विचारले, ‘‘मामी, आम्हाला कळवायचं तरी!’’ त्या पलंगावरून म्हणाल्या, ‘‘अरे, चाललं होतं ना सगळं.’’

काकांचेच शब्द. मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. ज्याचे प्रेम मोठे, तो दुसऱ्याचे उणे इतके पुरे झाकतो, की पाहणाऱ्याला घर धडधाकट दिसते. झाकणाऱ्याचा तो दोष कसा म्हणावा? त्याचे कामच ते. ‘चालले आहे ना?’ हा प्रश्न जोडीला विचारून उपयोग नसतो, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ येते. एकेकाकडे स्वतंत्रपणे जाऊन विचारावे लागते, ‘तू कशी आहेस? तू कसा आहेस?’ मामांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढता आला. दुसऱ्याला मात्र उशीर झाला होता.

माझ्या हाताखाली पुढे जी मुले आली, त्यांना मी आज्ञा शिकवण्याआधी हे शिकवले. बिघाड झाला तरच पत्र धाडणारे यंत्र ठेवू नका. बिघडलेल्याला पत्र धाडणे तरी जमेल कशावरून? रोज सकाळी ‘दोघीही ठीक’ असे पत्र आले पाहिजे. ते आले नाही, तर चहा टाकून उठा. लिनक्स या युनिक्सच्या धाकट्या नातलगाकडे तर ही खूण फार सुटसुटीत आहे. कंसात दोन ‘यू’ शेजारी शेजारी उभे असतात. एक तबकडी गेली, की तिच्या ‘यू’च्या जागी नुसती आडवी रेघ येते. इवलीशी रेघ, पण पाहणाऱ्याला पुरते. न पाहणाऱ्याला घंटा वाजली तरी ऐकू येत नाही.

सोलारिस घडवणारी सन कंपनी 2010 साली ओरॅकलमध्ये विलीन झाली. पण त्याआधी, 2005 साली, तिने झेड-एफ-एस नावाची नवी रीत जगाला दिली होती. साध्या आरशाच्या दोन बाजूंत तफावत पडली, तर खरी कोणती ते त्याला सांगता येत नाही. ही नवी रीत प्रत्येक मजकुराबरोबर त्याची एक पडताळ्याची खूण वेगळी ठेवते, त्यामुळे खोटी बाजू ओळखून खरीवरून ती सुधारता येते. आपले जुने व्यापारी कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवीत, आणि एकीतली चूक दुसरीशी ताडून पाहताना सापडे. लक्ष्मीपूजनाला या वह्यांची पूजा होते, ती मला म्हणूनच रास्त वाटते. त्या नव्या रीतीत आणखी एक सोय आहे. काही बिघडलेले नसतानाही अधूनमधून सगळा मजकूर कोपरान्‌कोपरा वाचून ताडून पाहायचा, आणि ज्या कोपऱ्याची कोणी आठवणही काढीत नाही, तोही नजरेखाली घालायचा.

आपल्याकडे त्यासाठी वर्षातला एक दिवस मुक्रर केलेला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. भाऊबीजेला पाटावर बसलेल्या भावाला बहीण ओवाळते. फोनवर वर्षभर तो ‘झकास’ म्हणत असतो. पण निरांजनाच्या उजेडात ती त्याचा चेहरा जवळून पाहते, आणि ताट खाली ठेवता ठेवता विचारते, ‘‘वाळलास रे. काय होतंय तुला?’’