चुकीच्या पर्यायाचं कारण

१/३ + १/४ या बेरजेखाली मी चार पर्याय देते. त्यातला १/७ माझा लाडका. समच्छेद बेरजेत छेद तसाच ठेवायचा, हे शिकलेलं मूल इथे दोन्ही अंश सारखे बघून अंश तसाच ठेवतं आणि छेदांची बेरीज करतं. त्याने १/७ वर बोट ठेवलं की माझा पाठ ‘चूक’ म्हणत नाही. पडद्यावर १/४ ची पट्टी येते आणि तिच्याखाली १/७ ची. बेरीज तिच्यातल्या एका तुकड्यापेक्षा लहान कशी, हे मुलाला आपणहून खटकतं.

शिक्षकांच्या ग्रुपवर फिरून हा पाठ माझ्याकडे परत येतो, तेव्हा बहुधा त्याचा व्हिडिओ झालेला असतो. बोट ठेवायला जागाच उरत नाही. नाहीतर १/७ च्या जागी कुठलाही आकडा बसवलेला असतो. प्रत्येक स्लाइडखाली नोट्समध्ये मी कारण लिहायचे. पण व्हिडिओ केला की नोट्स जातात, आणि मूळ फाइल मिळाली तरी नोट्स फारसं कुणी उघडत नाही.

दुसऱ्याचा पाठ वापरण्याच्या परवानगीचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत, २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक पोर्टल आलं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. खुल्या शैक्षणिक साहित्याचे अभ्यासक डेव्हिड वायली यांनी मांडलेला पेच मात्र कायम आहे: पाठ एका वर्गाला जितका चपखल, तितका तो दुसऱ्या वर्गात नेणं अवघड. माझं घोडं इथेच अडतं. १/७ सगळ्या वर्गांचा नाही.

पाठावर स्वतःचा लोगो चढवून फाइलला पासवर्ड लावणारे आमच्यात वाढले आहेत, याचा मला राग येतो. कितीतरी डिजिटल पाठ ज्यावर चालत, त्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. ज्यांच्याकडे मूळ फाइली होत्या, त्यांना पाठ नव्याने बांधता आले. नुसत्या चालू प्रती जपणाऱ्यांच्या हाती न चालणाऱ्या फाइली उरल्या. एवढं बघूनही आपण कुलपं लावतो.

मध्यंतरी नंदुरबारकडच्या एका तरुण गुरुजींचा फोन आला. ‘‘मॅडम, व्हिडिओ नको, पीपीटी द्या. आणि तो १/७ का ठेवलाय, तेवढं सांगा.’’ मी सांगितलं. काही दिवसांनी त्यांची फाइल आली. १/७ काढलेला होता. त्यांच्या वर्गाचा नुकताच अपूर्णांकांचा गुणाकार झाला होता, मुलं इथेही सरळ छेद गुणून १/१२ म्हणत होती. म्हणून तो पर्याय आणि त्याची पट्टी. खाली माझं नाव नव्हतं. आधी मला नावाचंच वाईट वाटलं, पट्टीकडे नंतर लक्ष गेलं. पट्टी अचूक होती. कारण कळलं होतं, म्हणूनच त्यांना ती बदलता आली.

तेव्हापासून कारणं मी नोट्समध्ये ठेवत नाही. पहिल्याच स्लाइडवर ठळक लिहिते: कुठला चुकीचा पर्याय कुठल्या मुलांमुळे आला, आणि तुमची मुलं वेगळं चुकत असतील तर काय बदलायचं. त्याच स्लाइडवर माझं नावही असतं. ते कुणी काढलं तर मला अजूनही लागतं, आणि लागत राहील. पण दोन्हींतलं एकच ठेवायचं असेल, तर कारण ठेवा.