झाकलेले आणि लपवलेले

शस्त्रे सापडल्याच्या बातम्या ठाणे-कल्याणच्या पानांवर सतत येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. खबऱ्याकडून माहिती, पोलिसांचा सापळा, अंगझडती, कमरेला खोचलेले गावठी पिस्तूल आणि काडतुसे, नाही तर शर्टाच्या आत पाठीला लावलेली तलवार. शेवटी कलमांची रांग : शस्त्र अधिनियम कलम ३ किंवा ४, २५, महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ (१), १३५. आपल्या मोहल्ल्यांत ही बातमी एका खास पद्धतीने वाचली जाते. आधी नाव पाहायचे. नाव आपल्यातले निघाले की पेपरची घडी घालायची, नाही निघाले की पुढच्या बातमीकडे वळायचे. कलमे कुणी वाचत नाही. आम्ही उर्दू शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी वाचली. जे समजले ते इथे मांडतो, कारण त्यात आपल्या रोजच्या जगण्याचा एक प्रश्न दडलेला आहे.

या देशात शस्त्राचा कायदा आधी संशयातून जन्मला. १८५७ नंतर इंग्रज सरकार हिंदी माणसाच्या हातातल्या शस्त्राला घाबरू लागले. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट. वस्तू तीच, हात बदलला की कायदा बदले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि कागदावर तरी हा भेद संपला. आज ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर या आयुक्तालयाच्या पट्ट्यात कुणालाही पिस्तुलाचा परवाना हवा असेल तर पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. लग्नात, वरातीत, जलशात हवेत गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाना मिळाल्यावर पिस्तूल घेऊन चालायचे कसे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम ३२ ते सांगतो. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावरच्या म्यानात किंवा पिशवीत असले पाहिजे, ते पूर्ण झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. ते उगारणे, नाचवणे याला सक्त मनाई. म्हणजे परवाना असला तरी शर्ट वर करून पिस्तुलाची मूठ लोकांना दाखवणे कायद्याला मंजूर नाही.

आमच्या मते इथे मराठीतली तीन क्रियापदे वेगवेगळी करून पाहिली पाहिजेत : झाकणे, लपवणे आणि मिरवणे. कायदा झाकायला सांगतो, कारण उघडे शस्त्र पाहून लोक घाबरतात. लपवण्याला तो शिक्षा करतो, कारण लपवणाऱ्याकडे परवाना नसतो आणि हेतू वाईट असण्याचा संभव असतो. मिरवण्याला तो मनाई करतो, कारण मिरवणे हीच धमकी असते. झाकलेले आणि लपवलेले पिस्तूल बाहेरून मात्र सारखेच दिसते, म्हणजे दिसतच नाही. त्यांच्यातला फरक एका कागदाचा आणि बाळगणाऱ्यावर असलेल्या विश्वासाचा आहे. कागद सरकार देते. विश्वास कोण देते?

व्यवहारात आपल्याकडे सर्वांत जास्त चालते ते मिरवणे. जमिनीला सोन्याचा भाव आला तशी आपल्या भागात कमरेच्या पिस्तुलाची किंमत वाढली. ते चोरासाठी नसते, पाहणाऱ्यासाठी असते. साहेबांच्या मागच्या गाडीतून जो माणूस उतरतो त्याच्या पट्ट्याला काय आहे, हे नाक्यावरच्या प्रत्येक पोराला दिसावे अशी व्यवस्था असते. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मागे जमिनीचा वाद होता. आमदारांना अटक झाली. दालनातल्या कॅमेऱ्याचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पोलीस ठाण्यात पिस्तूल गेले आणि बाहेर निघेपर्यंत ते कुणी अडवले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मुळशीतल्या जमिनीवरून शेतकऱ्यांसमोर पिस्तूल घेऊन उभ्या असलेल्या मनोरमा खेडकर यांची जुनी चित्रफीत पुढे आली. त्यांनाही अटक झाली. पण चित्रफीत बाहेर येईपर्यंत कुणाला घाई नव्हती.

आता आमच्या वर्गातली गोष्ट. बकरी ईदची सुटी संपून शाळा भरली होती. नववीत मूलभूत हक्क शिकवणे चालू होते. एक मुलगा उठला. त्याचे वडील वर्षभर मटणाच्या दुकानात काम करतात आणि ईदचे तीन दिवस घरोघर कुर्बानीसाठी जातात. ईदच्या दुसऱ्या दिवशी कल्याणहून डोंबिवलीकडे रिक्षाने जाताना त्यांना नाक्यावर थांबवले गेले. पोत्यात गुंडाळलेल्या चार सुऱ्या आणि एक सत्तूर निघाला. "लपवून कुठे नेतोस?" असा प्रश्न झाला आणि संध्याकाळपर्यंत त्यांना एका ठाण्यात बसवून ठेवले. दुकानाचे मालक आल्यावर सोडले. गुन्हा नोंदला नाही. सुऱ्या दोन दिवसांनी परत मिळाल्या, तेव्हा ईद होऊन गेली होती.

मुलाचा प्रश्न सरळ होता. "सर, अब्बांनी पोत्यात गुंडाळल्या म्हणून लपवल्या म्हणाले. उघड्या नेल्या असत्या तर काय म्हणाले असते?"

मागच्या बाकावरून उत्तर आले, "मिरवतोय म्हणाले असते." वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. "मग सर, साहेबांच्या माणसाची बंदूक शर्टाच्या बाहेर दिसते, ती?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात पट्टी घेऊन गेलो. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्या ओळीत अशा सुऱ्याही येतात, ज्यांचे पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद आहे. नऊ इंच म्हणजे जवळजवळ २३ सेंटिमीटर. मुलांनी वहीत तेवढी रेघ काढली. घरातली कांदा कापायची सुरी त्यात येत नाही हे त्यांना लगेच कळले. सत्तूर मात्र रुंदीने येतो. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे : घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे यातून वगळली आहेत. मूळ अधिनियमाच्या व्याख्येतही निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू, साधी हातातली काठी आणि खेळणी शस्त्रांत धरलेली नाहीत. म्हणजे पाते मोजून प्रश्न सुटत नाही. ते कशासाठी बनले आहे हे पाहावे लागते. कोयता उसाच्या फडात अवजार असतो आणि चौकात हत्यार होतो.

शिवाय कलम ३७ (१) आहेच. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या दिवसांत पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, सुऱ्या, बंदुका, लाठ्या, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी असते. या 'कोणतीही वस्तू'त खाटकाची सुरी बसते, सुताराची पटाशी बसते आणि म्हटले तर आमची लाकडी पट्टीही बसते. इतका रुंद शब्द वापरायचा तर तो कुणावर लावायचा याचा निर्णय नाक्यावरच्या हवालदाराच्या नजरेवर सोपवावा लागतो. त्या हवालदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. सुरीने खून होतात हे तो रोज पाहतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे फोटो मोबाईलवर टाकणारी पोरे आपल्या वस्तीतही आहेत, शेजारच्या वस्तीतही. पोत्यात कसाई आहे की मारेकरी, हे त्याने ओळखायचे कसे? पण ओळखण्याचे साधन दाढी आणि टोपी असेल, तर १८७८ चा कायदा गेला आणि त्याची सवय तेवढी राहिली, असे म्हणावे लागेल.

ही सवय आपल्यापुरती नाही. अमेरिकेत शस्त्र उघडे बाळगणे, म्हणजे ओपन कॅरी, आणि झाकून बाळगणे, म्हणजे कन्सील्ड कॅरी, यांचे कायदे राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे आपल्या उलट समज होती. उघडे शस्त्र मर्दाचे, लपवलेले भेकडाचे. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवून शस्त्र नेण्याविरुद्ध कायदे केले. कॅलिफोर्नियात गोळ्या भरलेली बंदूक उघड नेता येत असे. मग ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण अशा बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागले. त्यांना रोखण्यासाठी विधेयक आले, तेव्हा २ मे १९६७ रोजी ते बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. त्याच वर्षी मलफर्ड कायदा होऊन ही मुभा बंद झाली. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. पुढे २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाची गाडी पोलिसाने थांबवली. त्याच्याजवळ परवान्याचे पिस्तूल होते आणि ते आहे हे त्याने स्वतः पोलिसाला सांगितले. पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. उघडे नेले तर कायदा बदलला, झाकून नेले आणि खरे सांगितले तर जीव गेला. आमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न तिथल्या मुलांनाही पडत असेल.

मग आपल्या मुलांना काय शिकवायचे? एक उत्तर आपल्याच घरात आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अशा आशयाची हदीस आहे की, मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये. नंगी तलवार एकमेकांच्या हाती देण्यासही हुजूरांनी मनाई केल्याची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिज़ीत आहे. बुखारीत ईदच्या प्रकरणात हज़रत इब्ने उमर यांचा प्रसंग आहे. हजच्या दिवसांत मिना इथे त्यांच्या तळपायात भाल्याचे टोक घुसले. हज्जाज हा राज्यकर्ता विचारपूस करायला आला आणि जखम कुणी केली ते कळते तर बरे, असे म्हणाला. इब्ने उमर यांनी त्यालाच जबाबदार धरले. ज्या दिवशी शस्त्र नेत नसत त्या दिवशी ते नेण्याची आणि हरमच्या हद्दीत आणण्याची मुभा त्यानेच दिली होती. सत्तेसमोर एवढे स्पष्ट बोलणारा माणूस आपला आदर्श आहे. जुलूस निघाला की पुढे तलवार फिरवणाऱ्या तरुणांनी ही हदीस वाचावी. ईदच्या बाजारात पोरांना छर्ऱ्यांची बंदूक घेऊन देणाऱ्या बापांनीही वाचावी. कायद्याने ते खेळणे असेल, पण समोरच्यावर रोखायची सवय खेळण्यानेच लागते.

हे सारे शिकवूनही एक गोष्ट शिकवता येत नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई सेंट्रल गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आपले वरिष्ठ टिकाराम मीना यांना आणि तीन मुसलमान प्रवाशांना सरकारी बंदुकीने ठार केले. गाडी थांबली आणि मीरा रोडजवळ तो पकडला गेला. ती बंदूक ना झाकलेली होती ना लपवलेली. गणवेशातली म्हणून ती सर्वांसमोर, कायद्याने उघडी होती. कर्तव्यावरच्या सरकारी नोकराला शस्त्र अधिनियम लागू होत नाही. उघडे शस्त्र आपल्या रक्षणासाठी आहे हा विश्वासच त्या सवलतीचा पाया. त्या दिवसानंतर लांबच्या गाडीने गावी जाणाऱ्या आपल्या कित्येक घरांत हा विश्वास डगमगला. तो भाषणाने परत येणार नाही.

विश्वास कसा येतो याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. भिवंडीत १९८४ ची दंगल झाली. त्यानंतर तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांची साधी माणसे महिन्यामहिन्याला एकत्र बसू लागली, एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ज्याला नावाने ओळखतो त्याच्या पोत्यात काय आहे हे ठाऊक असते.

बकरी ईदच्या आधी आजही पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात. त्यात जनावरांची वाहतूक, साफसफाई, पार्किंग यावर बोलणे होते, चहा होतो. तिथे आणखी एक विषय निघावा असे आम्हाला वाटते. त्या तीन दिवसांत कुर्बानीच्या कामाला जाणाऱ्या कसाई बांधवांची यादी जमातीने ठाण्यात द्यावी, त्यांना ओळखपत्र द्यावे आणि मनाई आदेशातून त्यांच्या कामाची हत्यारे वगळली असल्याचे पोलिसांनी लेखी कळवावे. सुऱ्या कातडी म्यानात, बंद पेटीत न्याव्यात, ही जबाबदारी आपली. आणि परवान्याचे पिस्तूल कमरेला दाखवत फिरणाऱ्यांवर नियम ३२ लागू करावा, मग ती कंबर कुणाचीही असो, ही मागणीही त्याच बैठकीत नम्रपणे करावी.

येत्या ईदच्या आधी कुणीतरी जाणत्या माणसाने हे मांडावे. कुणी मांडले नाही, तर आम्ही मांडू.